राठ केसाएवढ्या पाकळीचे फूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)



माझी एक भाची संगणकशास्त्र शिकते. चतुर्थीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहावयास आली असता एके संध्याकाळी तिने आपल्या संगणकावर एक तक्ता उघडून माझ्यापुढे ठेवला. दीडशे ओळी; प्रत्येक ओळीत चार आकडे आणि शेवटी एक नाव. पहिल्या पन्नास ओळींपुढे एकच नाव होते, ‘सिटोसा’. ती म्हणाली, “मामा, हे सिटोसा म्हणजे काय हो? आमचे सर म्हणतात, ते काही महत्त्वाचे नाही, आकडे महत्त्वाचे.”

मी पेशाने शिक्षक. एखाद्या वस्तूचे नाव पन्नास वेळा लिहावयाचे आणि ती वस्तू कोणती हे महत्त्वाचे नाही असे म्हणावयाचे, हे मला काही रुचले नाही. परंतु खरे सांगावयाचे तर सिटोसा म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हते. जगातील कोणत्याही देशात जो विद्यार्थी यंत्राला वर्गीकरण शिकविण्याची विद्या शिकू लागतो, त्याच्या पाटीवर बहुधा पहिला धडा म्हणून हीच दीडशे फुले येतात. बेळगावात येतात, हैदराबादेत येतात, इंदुरातही येतात. मग ही फुले कोठली, ती कोणी खुडली आणि ती आपल्या पोरांच्या वह्यांत कशी येऊन पडली, हे पाहण्याच्या नादी मी काही महिने लागलो. आजचे भाषण हे त्या नादाचे फळ आहे.

सिटोसा हे आयरिस नावाच्या फुलझाडाच्या एका रानटी जातीचे नाव. आपल्याकडे आयरिस बागेत क्वचित दिसतो. काश्मीरकडे मात्र कबरींवर तो लावलेला आढळतो. आपल्याला जवळचा असा त्याचा नातलग म्हणजे केशर. दोघांचे कुल एकच. पाती मात्र आपल्या वेखंडासारखी, तलवारीच्या आकाराची, एकमेकींना बिलगून पंख्यासारखी पसरलेली. जपानी भाषेत या जातीला ‘हिओगी-आयामे’ म्हणतात. हिओगी म्हणजे दरबारी मंडळींचा लाकडी पट्ट्यांचा पंखा. जपानच्या राजकुटुंबात प्रत्येक व्यक्तीला एक वैयक्तिक चिन्ह देण्याची रीत आहे, त्यात राजकन्या किको यांच्या वाट्याला हेच फूल आलेले आहे.

हे फूल थंड समुद्रकिनाऱ्याचे आहे. अलास्का, अल्यूशन बेटे, कामचाटका, कुरील, साखालिन, जपानचे होक्काइडो अशा उत्तर पॅसिफिकच्या सभोवारच्या प्रदेशांत ते वाढते. कड्यांच्या माथ्यावर, वाळूच्या टेकाडांमागे, खाऱ्या तुषारांचा मारा खात, पाणथळ कुरणांत ते झुबक्यांनी उभे असते. आपल्याकडे पाऊस सुरू होतो त्याच सुमारास, जून-जुलैत, तेथला अल्पसा उन्हाळा येतो आणि तेवढ्यात त्याला फुलून घ्यावे लागते. रंग निळा-जांभळा. आयरिसच्या फुलात बाहेरची तीन दले मोठी असून ती खाली झुकलेली असतात आणि आतल्या तीन पाकळ्या बहुतेक जातींत ताठ उभ्या राहतात. सिटोसाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या या आतल्या पाकळ्या जवळजवळ नाहीशाच झालेल्या आहेत. तीन बारीक टोके तेवढी राहिली आहेत. लॅटिन भाषेत ‘सेटा’ म्हणजे राठ केस, त्यावरून सिटोसा. आमच्या आजोबांच्या पिढीला मिस्साच्या प्रार्थना लॅटिनमध्ये तोंडपाठ असत. मला मात्र या एका शब्दासाठी कोश उघडावा लागला.

हे नाव दिले पीटर सिमोन पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने. तो बर्लिनचा, पण त्याची सारी हयात रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीच्या सेवेत आणि सायबेरियाच्या अभ्यासात गेली. तो १८११ साली वारला, आणि त्याने ठरविलेले हे नाव छापून प्रसिद्ध केले ते लिंक या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८२० साली. एकाने पाहावे, दुसऱ्याने छापावे, हे या फुलाच्या नशिबी आरंभापासून लिहिलेले दिसते. पुढेही तेच घडले.

आता या फुलाचा खरा चमत्कार पाहा. पॅसिफिकच्या बाजूला ते आहे असे मी म्हणालो. परंतु तेथून हजारो मैल दूर, उत्तर अमेरिकेच्या अगदी विरुद्ध किनाऱ्यावर, लॅब्रॅडॉर, न्यूफाउंडलंड, नोव्हा स्कोशिया, सेंट लॉरेन्सचे आखात आणि खाली मेन संस्थानापर्यंत, तशाच झुबक्यांनी, तशाच केसाएवढ्या पाकळ्या घेऊन ते पुन्हा उभे आहे. कॅनडाच्या मध्यभागातील अफाट प्रदेशात मात्र त्याचा मागमूस नाही. एकच फूल दोन समुद्रांच्या काठी आणि मध्ये सारे खंड रिकामे, हे कसे झाले असेल?

हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्नाल्ड यांना सेंट लॉरेन्सच्या आखाताभोवती अशा अनेक वनस्पती आढळल्या होत्या, ज्यांचे सोयरे दूर पश्चिमेला होते. १९२५ साली त्यांनी असा सिद्धांत मांडला की, हिमयुगात सर्वत्र बर्फाचे थर पसरले असता गॅस्पेसारख्या भागातील काही जागा बर्फावाचून राहिल्या आणि जुन्या वनस्पतींनी तेथे जीव धरला. सिद्धांत मोहक होता. पुढील संशोधकांना तो त्या स्वरूपात टिकवून धरता आला नाही. पण त्याने गॅस्पेकडे सर्वांचे लक्ष वेधले, हे खरे.

गॅस्पे हे क्वेबेक प्रांताचे समुद्रात घुसलेले नाक आहे. तेथील मूळ रहिवासी मिकमाक लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘भूमीचा शेवट’ असा सांगतात. २४ जुलै १५३४ रोजी जाक कार्तिये या फ्रेंच दर्यावर्दीने येथेच तीस फूट उंचीचा क्रूस रोवला आणि त्यावर फ्रान्सच्या राजाची तीन फुले असलेली ढाल टांगली. त्या राजचिन्हातील फुलाला लिली म्हणतात. पण त्याचा आकार मूळचा आयरिसचा असावा, असे अनेकांचे मत आहे. क्रूसावर नकली आयरिस आणि खाली गवतात अस्सल, असे दृश्य त्या दिवशी दिसले असल्यास नवल नाही. जुलैच्या अखेरीस एखादे उशिराचे फूल शिल्लक असू शकते.

या गॅस्पेमध्ये एडगर अँडरसन हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आला. जन्म १८९७चा, सेंट लुई येथील मिसूरी वनस्पतिउद्यानात १९२२पासून नोकरीस. त्याला एकच प्रश्न पडला होता: एक जाती दुसरीहून वेगळी आहे असे आपण म्हणतो, म्हणजे नक्की काय म्हणतो? नवी जाती जुन्यांमधून कशी निघते? हा प्रश्न पुस्तकांत सोडविण्याऐवजी त्याने निळ्या आयरिसच्या मागे लागण्याचे ठरविले. दलदलींत, खंदकांत, कुरणांत शिरावयाचे आणि फुलाफुलाची मापे घ्यावयाची. यातून १९२८ साली त्याने दाखविले की, अमेरिकेच्या पूर्वार्धात निळ्या आयरिसच्या दोन निरनिराळ्या जाती आहेत, उत्तरेची व्हर्सिकलर आणि दक्षिणेची व्हर्जिनिका. पुढचा प्रश्न असा की, व्हर्सिकलर आली कोठून?

त्याचा संशय सिटोसावर होता. गॅस्पेच्या कुरणांत सिटोसा आणि व्हर्सिकलर शेजारी-शेजारी फुलतात. आयरिसचा कंद कडू व विषारी. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे आजूबाजूचे गवत खाल्ले जाते आणि आयरिस मात्र फोफावतो. होक्काइडोच्या आक्केशी येथील ‘आयामेगाहारा’, म्हणजे आयरिसचे रान, याच रीतीने घोड्यांच्या चरण्यामुळे प्रसिद्धीला आले. चरणारी गुरे आणि निळी फुले असा हा जुना सौदा आहे.

अशाच एका गॅस्पेच्या कुरणात अँडरसनने पन्नास सिटोसा आणि पन्नास व्हर्सिकलर मापले. कुरण एक, दिवस एक, मापणारा एक, मापण्याचे साधन एक. हे तपशील त्याने मुद्दाम नोंदविले आहेत. प्रत्येक वर्षी नववीच्या मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना मी याच चार गोष्टींसाठी लाल शाई खर्च करीत असतो, म्हणून मला तो मनुष्य येथेच आवडू लागला. बाहेरच्या दलाची लांबी व रुंदी, आतल्या पाकळीची लांबी व रुंदी, अशी प्रत्येक फुलाची चार मापे. माझ्या भाचीच्या तक्त्यातले चार आकडे ते हेच. तिसऱ्या जातीची, व्हर्जिनिकाची, पन्नास फुले निराळ्या ठिकाणची आहेत. मापांचे चित्र डोळ्यांना दिसावे म्हणून अँडरसन पांढरा चौकोन काढून त्यावर लहान काळा चौकोन बसवी: पांढरा म्हणजे बाहेरचे दल, काळा म्हणजे पाकळी. सिटोसाच्या चित्रात तो काळा चौकोन जेमतेम एका रेघेएवढा होतो.

अँडरसन १९२९-३० साली इंग्लंडला जाऊन आला होता आणि तेथे त्याची रोनाल्ड फिशर या गणितीशी ओळख झाली होती. संख्याशास्त्रात फिशरचे स्थान अत्यंत मोठे आहे. शेतातील प्रयोग कसे मांडावेत, थोड्या नमुन्यांवरून किती निष्कर्ष काढावा, या गोष्टी आज जगभर त्याने घालून दिलेल्या रीतीने चालतात. अँडरसनने आपली मापे त्याला दिली आणि १९३६ साली दोघांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. अँडरसनचा आपल्या उद्यानाच्या वार्षिकात. लांब, मायेने लिहिलेला, आयरिसविषयीचा. फिशरचा छोटा, गणिताचा.

फिशरने काय केले ते साध्या शब्दांत सांगतो. परीक्षेत आपण चार विषयांचे गुण नुसते मिळवितो. परंतु एखाद्या विशिष्ट शिक्षणासाठी मुले निवडावयाची असतील, तर गणिताला अधिक वजन द्यावे, चित्रकलेला कमी, असे कोणी सुचवील. किती अधिक, किती कमी, म्हणजे निवड अगदी स्वच्छ होईल? फिशरने फुलांच्या चार मापांसाठी ही वजने काढण्याची पद्धत दिली. चार आकड्यांचा एक आकडा होतो आणि त्या एका आकड्यावर दोन जाती शक्य तितक्या दूर फेकल्या जातात.

आता गंमत अशी की, सिटोसाला ओळखण्यासाठी या साऱ्या गणिताची गरजच नाही. त्या पन्नास फुलांत सर्वांत लांब पाकळी १.९ सेंटिमीटर, इतर दोन जातींच्या शंभर फुलांत सर्वांत आखूड पाकळी ३ सेंटिमीटर. पट्टी असलेले पोर ओळखील. खरी गुंतागुंत उरलेल्या दोघींत आहे. म्हणून विद्यार्थी सिटोसावरून घाईने पुढे जातात. परंतु फिशरने तिला तेथे ठेवले होते ते निराळ्या कारणासाठी, आणि ते कारण पाठ्यपुस्तके बहुधा सांगत नाहीत.

ते असे. १९३४ साली रँडॉल्फ या शास्त्रज्ञाने या फुलांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली होती. सिटोसाची ३८, व्हर्जिनिकाची ७०. दोहोंची बेरीज १०८, आणि व्हर्सिकलरची गुणसूत्रे तेवढीच! अँडरसनचे म्हणणे असे की, फार पूर्वी कधीतरी या दोन जातींचा संकर झाला. असा संकर सहसा वांझ असतो, कारण आईबापांच्या गुणसूत्रांची जोडी जुळत नाही. परंतु त्याच्यातील सर्व गुणसूत्रे दुप्पट झाली तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि एका झटक्यात नवी, फळती जाती उभी राहते. यात व्हर्जिनिकाचा वाटा चार संचांचा आणि सिटोसाचा दोन संचांचा. फिशरने विचारले, तसे असेल तर मुलीचा चेहरा दोघांच्या मध्ये, पण व्हर्जिनिकाकडे अधिक झुकलेला दिसला पाहिजे; सिटोसापासूनचे अंतर व्हर्जिनिकापासूनच्या अंतराच्या दुप्पट. आम्ही मामा-भाचीने कागद-पेन्सिलीने हे करून पाहिले. पाकळीची सरासरी लांबी सिटोसाची १.४६ सेंटिमीटर, व्हर्सिकलरची ४.२६, व्हर्जिनिकाची ५.५५. पहिले अंतर २.८०, दुसरे १.२९. दुपटीहून किंचित अधिक! पाकळीच्या रुंदीत आणि बाहेरच्या दलाच्या लांबीत प्रमाण सुमारे दीडपट येते. दलाच्या रुंदीत मात्र व्हर्सिकलर दोघांहूनही अरुंद आहे, तेथे हिशेब बसत नाही. भाचीने मान वर केली आणि म्हणाली, “म्हणजे ही यादी नव्हे, हे कुटुंब आहे.” मला तिचे हे वाक्य तिच्या साऱ्या गुणपत्रिकांहून मोलाचे वाटले.

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. फिशरचा हा निबंध ज्या नियतकालिकात छापला गेला त्याचे नाव ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’. युजेनिक्स म्हणजे सुप्रजननशास्त्र. माणसांतील ‘चांगले’ वंश वाढवावेत, ‘हलके’ खुंटवावेत असे सांगणारे. १९२५ साली कार्ल पिअरसन यांनी हे नियतकालिक सुरू केले आणि फिशर १९३३पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननाच्या गाल्टन अध्यासनावर होता व त्याचे संपादनही करीत होता. हा त्याचा केवळ हुद्दा नव्हता, ती त्याची निष्ठा होती. ‘अपात्र’ ठरविलेल्या लोकांच्या निर्बीजीकरणाला इंग्लंडात कायद्याची वाट मोकळी व्हावी, यासाठी झटणाऱ्या मंडळींत तो होता. ते विधेयक पार्लमेंटने १९३१ साली फेटाळले. पोप अकरावे पायस यांनी त्याआधी, १९३०च्या अखेरीच्या परिपत्रकात, सरकारला कोणाच्याही शरीरावर असा अधिकार नाही, असे बजावले होते. जर्मनीत मात्र १९३३ साली सक्तीचा कायदा झालाच. तेथे पुढे काय घडले ते सर्वविदित आहे.

फुलांवरील निबंधात वंशाचा प्रचार नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण वजने देऊन वेगळे करण्याची ही युक्ती त्याच सुमारास ईजिप्तमधील कवट्यांवर चालविली जात होती. फुलांची जाती ठरविणारी पट्टी आणि माणसांची जात ठरविणारी पट्टी एकाच कपाटात होत्या. त्या नियतकालिकाचे नाव १९५४ साली बदलण्यात आले. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात फिशरच्या स्मरणार्थ बसविलेली रंगीत काचेची खिडकी २०२० साली काढण्याचे ठरले, आणि काही शिक्षकांनी दीडशे आयरिसांच्या जागी अंटार्क्टिकाच्या पेंग्विनांची मापे वर्गात आणली. खिडकी काढावी की नाही, यावर तेथील विद्वानांत दुमत आहे. मला एवढेच वाटते की, फुले अँडरसनने मापली होती आणि त्यांचा यात काही अपराध नव्हता. तक्त्याला मात्र जग ‘फिशरचा आयरिस’ असेच म्हणत आले.

या कथेत आपल्याकडचा एक धागा आहे आणि त्याचे टोक नागपुरात आहे. १९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास भरले होते. तेथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक अ‍ॅनंडेल यांची गाठ प्रशांतचंद्र महालनोबीस या तरुण बंगाली प्राध्यापकाशी पडली. अ‍ॅनंडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे गोळा केली होती. ती त्यांनी महालनोबीसांना अभ्यासासाठी दिली. त्यातून १९२२ साली एक निबंध झाला, आणि पुढे ‘दोन समूहांतील अंतर कसे मोजावे’ या विचाराला लागून महालनोबीसांनी जे सूत्र काढले ते १९३६ साली, म्हणजे फिशरच्या आयरिसच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. आज ते ‘महालनोबीस अंतर’ म्हणून जगात ओळखले जाते आणि फिशरच्या वजनांशी त्याचे गणित सख्ख्या भावासारखे जुळते. १९३८च्या जानेवारीत कलकत्त्यास पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिचा अध्यक्ष फिशर होता.

इकडे मिश्र रक्ताची माणसे, तिकडे मिश्र रक्ताचे फूल. अँग्लो-इंडियनांना दोन्ही समाज परके मानीत. कोणत्या बाजूचे किती, हा हिशेब लोक त्यांच्या तोंडावर करीत. व्हर्सिकलरच्या बाबतीत हाच हिशेब विज्ञानाला कौतुकाचा ठरला. मी सीमेवरच्या गावात राहतो. घरात मराठी, बाजारात कानडी, काही नातलगांत कोकणी, प्रार्थनेत तिन्ही, अशी आमची रचना आहे. जनगणनेच्या कागदावर एकच भाषा लिहावी लागते तेव्हा मला त्या पन्नास फुलांची आठवण होते, एवढे सांगून पुढे जातो.

गॅस्पेचे नाव निघाले असता आणखी एका मनुष्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण तो शिक्षक होता. ब्रदर मारी-व्हिक्टोरिन. जन्म १८८५. ते धर्मगुरू नव्हते. शाळा चालविणाऱ्या ख्रिस्ती बंधूंच्या संघातील एक व्रतस्थ मास्तर होते. तरुणपणी क्षय झाल्यामुळे वर्ग सुटला आणि मोकळ्या हवेत फिरावे लागले. त्या फिरण्यात वनस्पतींचे वेड लागले. लाँगेच्या शाळेत शिकवीत असता त्यांनी अभ्यास वाढविला, १९२० साली माँट्रियल विद्यापीठात प्राध्यापक झाले, माँट्रियलचे वनस्पतिउद्यान त्यांच्या खटपटीने १९३१ साली स्थापन झाले, आणि १९३५ साली त्यांचा ‘फ्लोर लोरांशियेन’ हा सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ निघाला. सामान्य शाळकरी पोराला आपल्या दारातल्या झाडाचे नाव आपल्या भाषेत सापडावे, हा त्यांचा हेतू होता. १९४४ साली वनस्पती गोळा करून परत येताना मोटार-अपघातात ते वारले. सिटोसा म्हणजे काय हे महत्त्वाचे नाही, असे या मास्तरांनी कोणत्याही मुलाला सांगितले नसते.

अँडरसनच्या तर्काचे पुढे काय झाले? त्याला गॅस्पेची ठेंगणी सिटोसा जनक म्हणून पटेना. त्याने अलास्काच्या अंतर्भागातील सिटोसाकडे बोट दाखविले आणि १९३६च्या निबंधात तिला ‘इंटीरिअर’ असे उपनाव दिले. म्हणजे व्हर्सिकलरचे एक माहेर खंडाच्या पलीकडच्या टोकाला! २००७ साली लंडन आणि ब्रनो येथील संशोधकांनी व्हर्सिकलरच्या गुणसूत्रांना दोन्ही जनकांच्या द्रव्याशी ताडून रंगवून पाहिले. कोणते सिटोसाकडून आले आणि कोणते व्हर्जिनिकाकडून, हे सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळे दिसले. अँडरसनचा तर्क खरा होता. तो स्वतः १९६९ साली वारला होता. आणि ब्रनो म्हणजे तेच गाव, जेथील मठात मेंडेलने वाटाणे मोजले होते.

क्वेबेकनेही या कुटुंबाचा मान राखला, पण अर्धाच. १९६३ साली त्या प्रांताने पांढरी लिली आपले फूल म्हणून निवडली होती. ती मूळची तेथली नव्हे, अशी तक्रार होती. १९९९ साली तिच्या जागी व्हर्सिकलर आली. मुलीला राजमुकुट मिळाला. किनाऱ्यावर खारे वारे खाणारी जननी तशीच राहिली.

तिच्या नावाचीही कथा सरळ नाही. अटलांटिक बाजूच्या फुलाला आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतंत्र जाती मानतात आणि तिला ‘आयरिस हुकेरी’ म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या प्रमाणभूत वनस्पतिग्रंथात तसेच आहे. म्हणजे गॅस्पेच्या कुरणातील ती पन्नास फुले त्या मताप्रमाणे सिटोसाची नव्हेतच. शिवाय कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन विद्यापीठाने १९८८ साली हा तक्ता सर्वांसाठी खुला केला, तेव्हा नकलेत दोन ओळी चुकल्या होत्या, पस्तिसावी आणि अडतिसावी. हे १९९९ साली लक्षात आणून देण्यात आले. दोन्ही ओळी सिटोसाच्याच! पस्तिसाव्या फुलाच्या पाकळीची रुंदी अँडरसनने ०.२ सेंटिमीटर मापली, नकलेत ती ०.१ झाली. राठ केसासारखी असलेली पाकळी कारकुनी हाताने आणखी निम्मी केली.

आम्ही भाचीचा तक्ता उघडून पाहिला. पस्तिसाव्या ओळीत ०.१ होते. तिने तेथल्या तेथे ०.२ केले, अडतिसावी ओळही सुधारली, आणि आपल्या निबंधाच्या तळाशी टीप लिहिली: ही फुले गॅस्पेच्या एका कुरणातील असून ती एडगर अँडरसनने मापली, त्यांना आता हुकेरी असेही म्हणतात. निबंध तिने दुसऱ्या दिवशी पाठविला. तिच्या सरांनी ती टीप वाचली किंवा नाही, हे तिने अद्याप मला कळविलेले नाही.